दोन-अडीच हजारात कानात काय घालावं: वायर, नेकबँड की डबीवाले बड्स

बजेट दोन, फार तर अडीच हजार, आवाज मस्त पाहिजे अन नागपूरचे दोन उन्हाळे तरी निघाले पाहिजे. घरातले, ऑफिसातले, गल्लीतले पोट्टे, जो तो हेच विचारून राहिला, आणि सोबत सेलचा स्क्रीनशॉट, ज्यात '५० तास प्लेटाइम' अन '१३ एमएम ड्रायव्हर' मोठ्या अक्षरात छापलेलं. या दोन्ही आकड्यांवरून ना आवाज कळत ना टिकाऊपणा. ५० तास म्हणजे चार्जिंगच्या डबीतली बॅटरी धरून, तेही अर्ध्या आवाजावर अन नॉइज कॅन्सलेशन (बाहेरचा गोंगाट दाबायची सोय) बंद ठेवून. आणि ड्रायव्हरचं, म्हणजे आतल्या बारक्या स्पीकरचं म्हणाल तर नीट ट्यून केलेला १० एमएमचा ड्रायव्हर ढिसाळ १३ एमएमवाल्याला आरामात मागे टाकतो.

मी तर आधी एकच बघतो: यातलं सगळ्यात पहिले काय मरणार, अन ते मेलं तर तेवढंच बदलता येईल का? हा प्रश्न लावला की अर्धी यादी आपोआप गळते.

वायरवाले, म्हणजे आयईएम

वायर म्हटलं की लोकांना मोबाइलच्या खोक्यात फुकट यायचे ते आठवतात, पण ते नाही. स्टेजवरचे गायक कानात घालतात त्या घडणीचे, वायर कानावरून मागे वळवून घ्यायची, त्यांना आयईएम (इन-इयर मॉनिटर) म्हणतात. मागच्या काही वर्षांत चिनी कंपन्यांनी यांची किंमत इतकी पाडली की हजार ते दोन हजारात जो आवाज मिळतो तो त्याच किमतीच्या ब्लूटूथमध्ये शोधून सापडत नाही, कारण सरळ आहे, इथे तुमचे पैसे बॅटरी, चिप, डबी, माइक यांच्यात वाटले जात नाहीत. मूनड्रॉपचे चू २, सेव्हन हर्ट्झचे झीरो २ आणि केझेडचे ईडीएक्स प्रो ही तीन नावं लक्षात ठेवा. तिन्हीत १० एमएमचा एकच ड्रायव्हर आणि तिन्हीची वायर काढता येते.

आणि खरी मेख त्या निघणाऱ्या वायरीतच आहे. इयरफोन मरतो तो पिनपाशी, नाहीतर कानाजवळच्या वळणावर. वायर चिकटलेली असली की एक साइड गेली म्हणजे सगळाच कचरा, इथे मात्र तीन-पाचशेची नवी वायर खोचली की परत सुरू. म्हणून मूनड्रॉपचं जुनं पहिलं चू स्वस्तात दिसलं तर भुलू नका, त्याची वायर निघत नाही, २ चीच निघते. वायर मागवताना इयरफोनमध्ये खोचायची पिन बघून घ्या, चू अन झीरोला ०.७८ एमएमची चालते, केझेडची ०.७५ अन तिचं तोंडही वेगळं असतं. घामाने पारदर्शक वायर कानाजवळ हिरवी पडते, ते आतलं तांबं आहे, दिसायला घाण पण आवाजाला त्याने काही होत नाही. ऑर्डर करताना 'विथ माइक' निवडायचं लक्षात ठेवा, बिनमाइकचे शंभर-दोनशेने स्वस्त असतात अन लोक घाईत तेच मारून देतात आणि मग कॉलवर "हॅलो हॅलो" करत बसतात.

आता अडचण. बऱ्याच फोनला इयरफोन खोचायचं ३.५ एमएमचं भोकच राहिलं नाही, २०१६ मध्ये आयफोन ७ ने ते काढलं अन मग हळूहळू बऱ्याच कंपन्यांनी. म्हणजे टाइप-सीचा कन्व्हर्टर आला. रस्त्यावर शंभराला मिळणाऱ्यात बरेचदा आत डॅक चिप (फोनमधल्या डिजिटल डेटाचा आवाज करणारी) नसते, काही फोनवर ते चालतात, काहींवर मुके. डॅकवाला घ्या. ॲपलचा कन्व्हर्टर आवाजाला एकदम स्वच्छ आहे, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा व्हॉल्यूम कमी पडतो, तेव्हा अँड्रॉइडवाल्यांनी डोळे झाकून घेऊ नये. चू २ चं थेट टाइप-सीवालं डीएसपी व्हर्जनही येतं, त्यात ही चिप वायरीतच असते. या सगळ्यात चार्जिंग अन ऐकणं एकावेळी होत नाही, हे ज्यांच्या फोनची बॅटरी दुपारीच टेकते त्यांनी लक्षात घ्यावं.

नेकबँड

यावर फार बोलण्यासारखं नाही, पण उगीच हिणवू पण नका. वनप्लस बुलेट्स वायरलेस झेड २ किंवा सोनीचा डब्ल्यूआय-सी१०० असला माल गळ्यात असतो, हरवत नाही, बॅटरी बड्सपेक्षा मोठी म्हणून बॅटरीचं म्हातारपण उशिरा जाणवतं. वनप्लस ३० तास सांगते, सोनी २५. आधी काय मरतं? गळ्याची पट्टी संपून वायर सुरू होते तो सांधा, नाहीतर बटणाचं रबर. अन ते बदलता येत नाही. दिवसभर फोनवर बोलणारे, डिलिव्हरीवाले, दुकानदार, यांच्यासाठी मी आजही नेकबँडच सांगतो. आवाज ठीकठाक, बास थोडा जास्तच. आडवं पडून ऐकायची सवय असेल तर मानेला टोचतो, तेवढं सोडलं तर तक्रार नाही.

डबीवाले बड्स

सगळ्यांना हेच पाहिजे असतात अन सगळ्यात लवकर हेच मरतात. एका बडमधली बॅटरी साधारण ४०-५० एमएएचची, तुमच्या फोनची ५,००० ची. लिथियमची बॅटरी तीनशे ते पाचशे पूर्ण सायकलनंतर हळूहळू ८० टक्क्यांच्या खाली उतरते, म्हणजे रोज दोन-तीन मीटिंग अन वर गाणी असा वापर असला की दीड-दोन वर्षात "आधी पाच तास चालायचे, आता दोनच तास" सुरू होतं. आणि ती बॅटरी आत चिकटवलेली, नागपुरात काय कुठेच कोणी सहज बदलून देत नाही. त्यात बरेच लोक कॉलला फक्त उजवाच बड वापरतात, मग उजवा आधी थकतो अन डावा ठणठणीत. आलटूनपालटून वापरा ना बावा.

एक मात्र बघा, "एक बड चार्जच नाही होत" म्हणून फेकलेले कितीतरी बड्स खरंतर मेलेले नसतात. बडच्या खाली दोन-तीन चकचकीत ठिपके असतात, डबीत तशाच बारक्या पिना. घाम लागलेला बड तसाच डबीत टाकला की त्या पिनांवर काळपट थर चढतो अन चार्जिंग तुटतं. कापसाच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून डबीतल्या पिना अन बडचे ठिपके पुसायचे, वाळू द्यायचं, मग बघायचं. तसंच एका कानाचा आवाज बारीक झाला की पहिले जाळी बघा, कानातला मळ बसलेला असतो तिथे. कानात जाणारं रबर काढून, जाळी खाली करून कोरड्या मऊ ब्रशने झटकायचं, वरून टाचणी नाही खुपसायची.

या बजेटात नाव घ्यायचंच तर सीएमएफ बड्स, २०२४ मध्ये २,४९९ ला आले होते, सेलमध्ये खाली उतरतात. आयपी५४ रेटिंग, नॉइज कॅन्सलेशन आहे, ॲपमधून आवाज बदलता येतो. आयपीमधला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपीएक्स४ मध्ये जो एक्स आहे त्याचा अर्थ धुळीची चाचणी सांगितलीच नाही, आणि हिंगणा एमआयडीसीकडे धुळीतून रोज जाणाऱ्याने हा एक्स तर नाही ना ते बघूनच घ्यावं. पाण्याचा ४ म्हणजे शिंतोडे, पावसात भिजणं नाही, खिशात राहून वॉशिंग मशीनमध्ये जाणं तर नाहीच. आणि हे रेटिंग बरेचदा फक्त बड्सचं असतं, डबीचं नाही.

उन्हाळ्याचं वेगळं सांगतो, कारण पुण्या-मुंबईच्या रिव्ह्यूत हे येत नाही. ॲपल आपल्या एअरपॉड्सबद्दल लिहिते की ४५ अंशांपेक्षा गरम जागी ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा तिथे जातो, मग धरमपेठेत दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत काय होत असेल ते तुम्हीच बघा. फुल चार्ज अन वरून उष्णता, बॅटरीला याच्यापेक्षा वाईट काही नाही. डबी खिशात ठेवा, बॅगेत ठेवा, डिक्कीत नाही. वायरवाल्यांना ही भीतीच नाही, त्यांच्यात बॅटरीच नाही.

दुसरं म्हणजे दुपट्टा. उन्हात तोंडाला दुपट्टा नाहीतर स्टोल गुंडाळून निघायचं अन पोचल्यावर तो झटक्यात ओढायचा, त्या झटक्यात बड उडतो. सीताबर्डी इंटरचेंजला मेट्रो बदलताना गर्दीत बड खाली पडला की तो कोणाच्या पायाखाली गेला ते कळत पण नाही. आधी बड काढायचे, मग दुपट्टा. अन गाडी चालवताना कानात काहीच नको, मागचा ट्रकवाला हॉर्न मारून राहिला ते ऐकू यायला पाहिजे.

आवाजाचं खरं काय

माझी टेस्ट खंजिरीची. तुकडोजी महाराजांच्या पद्धतीचं कुठलंही खंजिरी भजन लावा, जरा अलीकडचं स्वच्छ रेकॉर्डिंग घ्या, अन त्या बारक्या झांजांकडे लक्ष द्या. स्वस्तातल्या बासवाल्या बड्समध्ये त्या झांजा नुसत्या चुर्र वाजतात, एकमेकीत मिसळून, अन गाणाऱ्याचा आवाज ढोलकीच्या मागे जाऊन बसतो. चू २ वर तेच लावलं की थाप वेगळी, झांज वेगळी, कोरसमधले आवाज वेगळे ऐकू येतात. झीरो २ मध्ये बास चू पेक्षा भरीव आहे, भीमगीतं, ढोलकी, डीजेवाली गाणी जास्त ऐकणाऱ्याला मी हेच सांगीन. ईडीएक्स प्रो सगळ्यात स्वस्त, बास अन वरचा आवाज दोन्ही उचललेले, पहिल्या पाच मिनिटात भारी वाटतो, दोन तासांनी कान थकतात.

बड्समध्ये असा आवाज नसतोच असं नाही, ॲपमधला इक्वलायझर थोडा बास खाली करून बघा, बरेच सुधारतात. एलडॅक (ब्लूटूथवरून जास्त बारकाव्याचा आवाज पाठवायची पद्धत) लिहिलंय म्हणून जास्त पैसे देण्याआधी फोन बघा, आयफोन एलडॅक घेतच नाही, त्याचं एएसी या दुसऱ्या पद्धतीवर चालतं. अन बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम खेळणाऱ्या पोट्ट्यांनी सरळ वायर घ्यावी, ब्लूटूथमध्ये पावलांचा आवाज थोडा उशिरा येतो, गेम मोड लावला तरी.

काहीही घ्या, रबर बरोबर बसलं नाही तर बास येतच नाही अन लोक शिव्या कंपनीला देतात. खोक्यात तीन साइज असतात, तिन्ही लावून बघा, दोन कानांना दोन वेगळे लागू शकतात.

वायरवाले हरतात ते कूलरपुढे. एप्रिल ते जून घरात तो जो पत्र्याचा कूलर घोंघावतो, तो जाड, सलग, खालच्या पट्टीतला आवाज आहे, अन नॉइज कॅन्सलेशन नेमकं असल्याच आवाजावर चालतं. आयईएम कानात घट्ट बसून टीव्हीचा, बोलण्याचा आवाज बऱ्यापैकी अडवतात पण ती घरघर आत येते, मग आपण व्हॉल्यूम चढवतो. उलट बड्सचं कॅन्सलेशन घरघर खाऊन टाकतं पण आईने स्वयंपाकघरातून हाक मारली तर ऐकू येते (हा फायदा की तोटा ते तुम्ही ठरवा). जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तासांचा आहे, ९० वर गेलं की फक्त ४ तास. कूलरसमोर बसून रोज अभ्यास करणाऱ्याला म्हणून कॅन्सलेशनवाले बड्स घेण्यात अर्थ आहे, आवाज जरा कमी चांगला असला तरी चालेल.

मग कोणी काय घ्यावं

गाणी हा मुख्य उद्देश असेल अन फोनला ३.५ चं भोक असेल तर विचार करायचाच नाही, चू २ किंवा झीरो २. भोक नसेल तर डॅकच्या कन्व्हर्टरचे पैसे मिळवून हिशोब करा, तरी बजेटात बसतं. दिवसभर कॉल असतील तर नेकबँड. मेट्रो, जिम, फुटाळ्याला फिरणं, कूलरसमोर अभ्यास, असं सगळंच असेल तर बड्स घ्या पण दोन वर्षांचा खर्च समजून घ्या, पाच वर्षांचा नाही. हजाराच्या आतले बड्स घेण्यापेक्षा त्याच पैशात ईडीएक्स प्रो घेतलेले बरे. अन बर्डीच्या फुटपाथवर चारशे-पाचशेत मिळणारी एअरपॉड्सची 'फर्स्ट कॉपी' आयफोनवर पॉपअप पण दाखवते, नाव पण दाखवते, त्याने ओरिजिनल होत नाही, अन वॉरंटीला जायचं कुठे?

वॉरंटीचं निघालंच तर एका ब्रँडने, नाव जाऊ द्या, माझ्याकडून बड्स पिकअप करून नेले अन बदलून यायला इतका वेळ लावला की तोवर मी दुसरे घेऊन मोकळा झालो होतो. तेव्हा घेण्याआधी बघा नागपुरात त्यांचं सर्व्हिस सेंटर आहे की सगळं कुरिअरवर, आणि एक बड हरवला तर एकटा बड विकतात का. बिलाचा फोटो त्याच दिवशी मेलवर टाकून द्या, कागदावरची शाई वर्षभरात उडते. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, रिटर्नची मुदत आहे तोवर रोज वापरा, दोन्ही बाजू सारख्या वाजतात का, कॉलवर समोरच्याला नीट ऐकू जातं का, दोन्ही बड सोबतच संपतात का ते बघा, अन काही खटकलं तर 'चालून जाईल' न म्हणता त्याच आठवड्यात परत करा.