सर्व्हिसरकडे १५ हप्ते भरल्यावर

डिसेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२६. माझ्या अमेरिकेतल्या शैक्षणिक कर्जाचे एकूण १५ हप्ते भरून झाले, एकही चुकला नाही, आणि तरीही सर्वांत मोठ्या कर्जांपैकी एकाचं मुद्दल अजून एका डॉलरनेही कमी झालेलं नाही. हे असं का होतं ते कळायलाच मला पाच-सहा महिने लागले, म्हणून लिहायला बसले.

मी न्यू जर्सीत राहते. चाळिशी ओलांडल्यावर पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स केलं. ग्रीन कार्ड होतं म्हणून इथल्या केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज मिळालं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्या मुलांना हे कर्ज मिळत नाही, त्यामुळे भारतातल्या बँकेचं कर्ज फेडणाऱ्यांना यातलं फारसं लागू पडणार नाही.

आधी सर्व्हिसर म्हणजे कोण ते सांगते, कारण माझाच घोळ झाला होता. पैसे सरकारचे. पण बिल पाठवणं, हप्ता जमा करून घेणं, फोन उचलणं (किंवा न उचलणं) हे काम सरकारने खासगी कंपन्यांना दिलंय. सावकार वॉशिंग्टनमध्ये, आपला व्यवहार मुनीमजींशी. मुनीम आपण निवडत नाही, तो नेमून दिला जातो. सगळी कर्जं एकत्र करून कन्सॉलिडेशनचा अर्ज केला तर तेवढ्यापुरती निवड करता येते. सर्व्हिसर आपल्याकडून फी घेत नाही, त्याला सरकार पैसे देतं. म्हणून ‘आम्ही तुमचं कर्ज कमी करून देतो, अमुक फी भरा’ असा फोन आला की सरळ ठेवून द्यायचा. मला असे चार आले.

माझा सर्व्हिसर कोण ते लिहीत नाही. आपल्या हातात निवडच नाही, तर नावाचा उपयोग काय?

आता आकडे. पहिल्या वर्षी २०,५०० डॉलर, व्याज ६.५४ टक्के. दुसऱ्या वर्षी पुन्हा २०,५००, व्याज ७.०५. पदव्युत्तर विद्यार्थ्याला वर्षाला यापेक्षा जास्त साधं फेडरल कर्ज मिळत नव्हतं, म्हणून वर ग्रॅड प्लस नावाचं ९,००० चं घेतलं, ८.०५ टक्क्यांनी. दर त्या त्या वर्षी ठरतो आणि मग फेडेपर्यंत तोच राहतो. एकूण ५०,०००. व्याज दिवसाच्या हिशोबाने लागतं. या तिन्ही कर्जांचं मिळून रोज ९ डॉलर ६२ सेंट. शिकत होते तेव्हाही ते चालूच होतं, आणि पदवीनंतर हप्ता सुरू होण्याआधी जे सहा महिने मिळतात त्यांतही. मे २०२४ ला शिक्षण संपलं, डिसेंबरात पहिलं बिल आलं, तोवर ५,१०० डॉलरच्या आसपास व्याज साचलं होतं.

नियम असा की हप्त्यातून आधी साचलेलं व्याज वळतं होतं, उरलं तर मुद्दल. दहा वर्षांच्या साध्या योजनेत माझा हप्ता ६४० च्या घरात बसला. त्यातले जवळजवळ निम्मे त्या महिन्याच्या व्याजाला, बाकीचे जुन्या साचलेल्या व्याजाला. मुद्दलाला शून्य. वेबसाइटच्या पहिल्या पानावर हे कुठेही दिसत नाही. तिथे एक हिरवी पट्टी असते आणि ‘छान चाललंय’ अशा अर्थाचं वाक्य.

उत्पन्नानुसार हप्ता ठरवणाऱ्या योजनेची चौकशी मी नोव्हेंबरातच केली होती. सेव्ह नावाची योजना तेव्हा कोर्टात अडकली होती. सर्व्हिसर म्हणे, शिक्षण खात्याला विचारा. खात्याच्या हेल्पलाइनवर म्हणे, सर्व्हिसरला विचारा. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. शेवटी नाद सोडला आणि दहा वर्षांची योजना ठेवली.

ऑटोपे मात्र जरूर लावा. खात्यातून आपोआप हप्ता जाऊ दिला की व्याजदर पाव टक्क्याने कमी होतो. माझ्या रकमेवर वर्षाला सव्वाशे डॉलर, न हलता. फक्त अर्ज केला त्याच दिवशी ऑटोपे सुरू झालं असं धरून चालू नका. माझा पहिला हप्ता त्यात बसला नव्हता. मी शेवटच्या दिवशी सहज लॉगिन केलं म्हणून वाचले, नाहीतर नमनालाच उशिराचा शिक्का. सुरू झाल्याचा मेल येईपर्यंत हाताने भरत राहायचं.

खरी गंमत एप्रिल २०२५ मध्ये झाली. टॅक्सचा परतावा आला, त्यातले १,५०० डॉलर कर्जात भरले. माझा हिशोब सरळ होता: सर्वांत महाग ते ८.०५ चं, ते आधी खाली आणू. संगणकाने पैसे तिन्ही कर्जांत वाटून टाकले. वर, जादा भरलं म्हणजे पुढचे हप्ते आगाऊ भरले असं समजून मेचं बिल शून्य केलं. बिल शून्य म्हणून ऑटोपेने काही उचललंच नाही. मी खुशीत की जादा भरलं, आणि व्याजाचं मीटर (ऑटोपेची सूट धरून) दिवसाला सव्वानऊ डॉलरने आपलं पळतंय.

फोन केला. ५० मिनिटं तेच ते संगीत. मग ओळख पटवण्याचा कार्यक्रम. आपल्याकडे मधलं नाव नवऱ्याचं असतं हे त्या बाईंना पटेना. त्यांच्या पडद्यावर ते माझं दुसरं नाव होतं आणि आडनाव अर्धंच छापलेलं. त्या शांत होत्या, वैतागल्या नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगते. त्यांनी सांगितलं की फोनवर काही होणार नाही, खात्यातल्या संदेशपेटीतून लेखी सूचना द्या. मी लिहिलं: अमुक तारखेचे १,५०० डॉलर या क्रमांकाच्या कर्जाला लावा, मूळ तारखेपासून लावा, आणि यापुढे जादा रकमेमुळे हप्त्याची तारीख पुढे ढकलू नका. १७ दिवसांनी दुरुस्ती झाली. मेचा हप्ता दरम्यान मी हाताने भरून टाकला होता. १,५०० पैकी सुमारे ५०० साचलेल्या व्याजाला गेले आणि १,००० मुद्दलाला. पहिल्यांदाच ते ९,००० हललं. त्या दिवशी मी शिरा केला.

नंतर कळलं की ‘तारीख पुढे ढकलू नका’ याची खूण करायची चौकोनी जागा वेबसाइटवर आहे. पैसे भरताना चौथ्या पानावर, खाली, फिकट अक्षरांत. मोबाइल ॲपमध्ये मला ती आजतागायत सापडलेली नाही, म्हणून जादा रक्कम मी नेहमी लॅपटॉपवरूनच भरते.

एक मात्र प्रत्येकाला सांगते. ज्यांना सरकारी किंवा ना-नफा संस्थेत नोकरी आहे आणि १२० हप्त्यांनंतर उरलेलं कर्ज माफ करून घ्यायचंय, त्यांनी जादा भरायच्या भानगडीत पडू नये. माझी नोकरी खासगी कंपनीत, म्हणून मला ते परवडतं. माझी एक मैत्रीण काउंटीच्या, म्हणजे सरकारी, ग्रंथालयात आहे, तिचं गणित अगदी उलटं.

कागदांचं म्हणाल तर सांगलीच्या सवयी कामाला आल्या. बाबा विकास सोसायटीचं पीककर्ज घ्यायचे आणि दर मार्चला सचिवाकडून खातेउतारा घेऊन ट्रंकेत ठेवायचे. मी दर महिन्याला हप्त्यांचा इतिहास पीडीएफमध्ये उतरवून घेते. सर्व्हिसर बदलला की जुनं लॉगिन बंद होऊ शकतं, आणि सरकार खाती इकडून तिकडे हलवतं तेव्हा आपल्याला विचारत नाही. सरकारच्या स्टुडंटएड साइटवरूनही आपल्या कर्जांची सगळी माहिती एका फाइलमध्ये घेता येते. दिसायला रद्दी, पण प्रत्येक कर्जाची तारीख, दर, शिल्लक त्यात असते. जानेवारीत टॅक्ससाठी १०९८-ई हा, वर्षभरात भरलेल्या व्याजाचा, फॉर्म सर्व्हिसर देतो. तो आपोआप दिसला, त्यात तक्रार नाही.

गुण द्यायचेच तर पैसे उचलून घेण्यात पाचपैकी साडेचार, चूक दुरुस्त करण्यात तीन, समजावून सांगण्यात एक. साइट पडलेली मला दोनदाच दिसली, दोन्ही वेळा महिन्याच्या एक तारखेला.

मागच्या रविवारी बाबांना व्हिडिओ कॉलवर पडदा दाखवला. चष्मा वर करून त्यांनी पहिल्या कर्जाची ओळ वाचली. “अगं, हे २०,५०० तर जिथल्या तिथंच आहेत की.”

“मेमध्ये हलतील, बाबा. अजून चारशेचं जुनं व्याज आहे.”

“लिहून ठेव,” म्हणाले.