मत्स्यबीज घरपोच : एक दिवस उशीर करतात पण बोटुकली जिवंत पोचते

मागच्या वर्षी शेततळ्यात सोडायला दुसऱ्या एकाकडून 2000 बोटुकली (बोटाएवढी माशाची पिल्लं) आणली होती. गाडी आली दुपारी दोनला, पिशव्या हाताला गरम लागत होत्या, पाणी गढूळ आणि वर फेस, ड्रायव्हर म्हणाला सोडा पटकन म्हणून फोडून ओतल्या. तिसऱ्या दिवसापर्यंत सहाशेच्या आसपास मेलेली काढली, लय वाईट वाटलं. मी आपला वर्षभर शेततळ्याच्या पाण्यालाच दोष देत बसलो.

यंदा या हॅचरीवाल्यांना फोन केला तर म्हणाले उद्या नाही मिळणार, परवा देतो, आधी एक दिवस हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या कप्प्यात) ठेवून खाद्य बंद करावं लागतं. पोट भरलेला मासा पिशवीत घाण करतो, अमोनिया वाढतो, ऑक्सिजनपण जास्त खातो. मी घाई केली तरी ऐकलं नाही, आणि बरं झालं नाही ऐकलं.

पिशवीत एक हिस्सा पाणी, दोन हिस्से ऑक्सिजन, पाण्यात थोडं मीठ, आणि दोन-तीन इंची बोटुकली मोजून 80च. म्हणजे 2000 बोटुकलीच्या पिशव्या 25 झाल्या, भाडं वाढलं. गाडी पहाटे तीनला भरली, वरून ओली पोती, सातला सांगोल्यात हजर.

सोबतच्या पोराने मला पिशवीला हातच लावू दिला नाही. बंद पिशव्या 20 मिनिटं तळ्यात तरंगत ठेवल्या, मग एकेक उघडून लगेच तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घेतलं आणि पिशवी आडवी धरली, मासे आपले आपण बाहेर गेले. उघडून तशीच ठेवायची नाही म्हणाला, कारण आतला कार्बन डायऑक्साइड उडून गेला की पीएच वाढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. हे मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं!!

पोचताना 11 मेलेली होती. खरा मार दोन-तीन दिवसांनी दिसतो म्हणून 50 बोटुकली तळ्यातच वेगळ्या हाप्यात ठेवून बघितली, तीन दिवसात 2 गेल्या.

तक्रार एवढीच की कटला सांगितला त्यापेक्षा कमी निघाला, रोहूच जास्त, आणि संध्याकाळी फोन उचलत नाहीत. रेट पण जास्त आहे, तरी मेलेल्या माशाचे पैसे देण्यापेक्षा मला हा परवडला. मृगळ पुढच्या महिन्यात यांच्याकडूनच मागवतोय, पहाटेचीच गाडी सांगितलीय.