लॅब्राडोर, मेट्रो आणि जयप्रकाश नगर : तिन्ही ऋतू काढल्यानंतरचा अनुभव

दिवाळीनंतर आम्ही जयप्रकाश नगरात राहायला आलो, आता पोळाही होऊन गेला. नागपूरचा हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा या एकाच फ्लॅटमध्ये काढून झाला, म्हणून आता सविस्तर लिहिते. मी सिव्हिल लाइन्सला नोकरीला, नवरा मिहानला, म्हणजे विमानतळापलीकडच्या औद्योगिक भागात. म्हणजे रोज सकाळी दोघांची तोंडं दोन दिशांना. आणि घरात लाडू, पाच वर्षांचा लॅब्राडोर, वजन तीस किलोच्या पुढे.

माझं मत आधीच सांगून टाकते. कुत्रा असणाऱ्याने वस्ती निवडताना भाडं आणि खोल्या नंतर बघाव्यात. आधी दोन गोष्टी बघाव्यात : रोज कुत्रा किती तास घरात एकटा राहणार, आणि मे महिन्यात त्याला कुठे फिरवणार. या दोन प्रश्नांवर आम्ही नागपूरच्या अर्ध्या वस्त्या बाद केल्या आणि त्याचा आम्हाला रोज फायदा होतोय.

पहिला प्रश्न मेट्रोने सोडवला. ऑरेंज लाइन खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत सरळ दक्षिणोत्तर जाते. मी झिरो माइलला उतरते, नवरा खापरीला उतरून पुढे कंपनीच्या बसने जातो. दोघांनाही सीताबर्डीला लाइन बदलावी लागत नाही. ११ डिसेंबर २०२२ ला पहिल्या टप्प्याचे उरलेले मार्ग सुरू झाले, तेव्हापासून कामठी रोडकडची मंडळीही याच लाइनवर आली. त्यामुळे जरीपटका, नारी रोड, इंदोरा हा भागही आम्ही विचारात घेतला होता. पण नवऱ्याला तिथून खापरी म्हणजे लाइनचं एक टोक ते दुसरं टोक.

बेसा-बेलतरोडीकडे बरेच जण ओढले जातात, कारण तेवढ्याच भाड्यात एक खोली जास्त मिळते, स्कीम (म्हणजे फ्लॅटची इमारत) नवी असते, लिफ्ट चकाचक असते. आम्हीही तीन-चार स्कीम पाहिल्या. पण तिथून निघायचं म्हणजे अ‍ॅक्टिव्हा काढा, मनीष नगरकडून रेल्वेलाइन ओलांडा, उज्ज्वल नगर स्टेशनजवळ गाडी लावा आणि मग मेट्रो धरा. संध्याकाळी हेच उलट, तेही गर्दीच्या वेळी. जाऊन-येऊन जो वेळ वाढतो तो सगळा कुत्र्याच्या एकटेपणात जमा होतो, हे लोक मोजत नाहीत. मोठा, शिकवलेला कुत्रा सात-आठ तास कसाबसा काढतो. नऊ-दहा तास झाले की लघवी तुंबते, दार खरवडणं सुरू होतं, शेजारी भुंकण्याची तक्रार घेऊन येतात. पिल्लू असेल तर तीन-चार तासही फार. आम्ही स्टेशनला पायी जातो. शिवाय दुपारी एक ताई येऊन त्याला खाली नेऊन आणते. ती याच वस्तीत कामं करते म्हणून हे जमलं. बेसाच्या त्या नव्या स्कीममध्ये दुपारी यायला कुणी तयार नव्हतं.

धरमपेठ, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्स या जुन्या भागांबद्दल एकच सांगते. झाडांची सावली तिथे आहे तशी दुसरीकडे कुठे नाही, आणि सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय हाकेच्या अंतरावर. परवडत असेल तर डोळे मिटून घ्या, पण लिफ्ट बघून घ्या. जुन्या तीन मजली इमारतींना बऱ्याचदा ती नसते आणि लॅब्राडोरच्या मागच्या सांध्यांची दुखणी वयाबरोबर वाढतात. म्हाताऱ्या, तीस किलोच्या कुत्र्याला उचलून जिना चढवणं रोजचं होऊ शकत नाही. आणि नाग नदीच्या काठच्या सखल लेआउटमध्ये तळमजला नकोच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा काठच्या घरांत माणसं झोपेत असतानाच पाणी शिरलं. तेच पाणी आपण ऑफिसला असताना आलं, तर आत बंद असलेल्या जनावराला कोण काढणार?

आता उन्हाळा. घर पाहायला लोक हिवाळ्यात जातात, सकाळचं ऊन अंगावर घेत फिरतात आणि सगळं छान वाटतं. नागपुरात घराची परीक्षा नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत होते. पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा डांबरी रस्ता संध्याकाळी सात वाजताही पाय ठेवू देत नाही. हाताची पालथी बाजू रस्त्यावर टेकवायची आणि मनात सातपर्यंत आकडे मोजायचे. त्याआधी हात काढावा लागला तर कुत्र्याला नेऊ नये. मे महिन्यात एकदा गेटबाहेरच्या सिमेंट रोडवर पाऊल टाकताच लाडूने पुढचा उजवा पाय उचलला, मग डावा, आणि सरळ नालीकाठच्या मातीच्या पट्ट्यावर जाऊन उभा राहिला. तिथून हलेना. त्या दीड-दोन फुटांच्या मातीच्या पट्टीने आमचा सगळा उन्हाळा तारून नेला. आमच्या गल्लीत कडुनिंबाची आणि करंजाची जुनी झाडं आहेत, कंपाउंडला लागून माती उघडी राहिलेली आहे. नव्या लेआउटमध्ये कडेपासून कडेपर्यंत सिमेंट ओततात आणि वर पेव्हिंग ब्लॉक बसवतात. माणसाच्या चपलेला तो रस्ता बरा, कुत्र्याच्या पंजाला तो तवा. आम्ही पहाटे पाचला आणि रात्री नऊनंतर फिरवायचो. रात्री नऊला गल्लीत दिवे आहेत का, हेही घर पाहताना विचारा.

फ्लॅट गच्चीखालचा घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खाली ओकत असतो. पश्चिमेची भिंत उघडी असेल तर दुपारनंतर ती खोली कुत्र्यासाठी बंदच समजा. आम्ही दुसऱ्या मजल्यावर आहोत, वर अजून दोन मजले आहेत, पूर्वेला बाल्कनी. एसी दिवसभर चालवणं आमच्या बजेटमध्ये बसत नाही, म्हणून लाडूसाठी खिडकीतला कूलर. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात, आणि कुत्रा तर ओल्या पंजांनी, ओल्या नाकाने त्या टपाला चिकटूनच झोपतो. घर घेताना इलेक्ट्रिशियनला सोबत न्या आणि त्या खिडकीजवळच्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते तपासून घ्या. आमच्याकडे नव्हतं, मालकांनी करून दिलं. कूलर आम्ही पत्र्याचा काढून फायबर बॉडीचा घेतला, वायर भिंतीवरून उंच नेली. कूलरसाठी समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो. म्हणून त्या खिडकीला घट्ट जाळी हवी. कुत्रा आपल्या श्वासातून अंग थंड करतो. कोंदट, ओल्या हवेत त्याचं हे धापा टाकणंही उपयोगाला येत नाही.

सोसायटीबद्दल लोक फार घाबरतात, आणि कधी कधी भलत्याच गोष्टीला घाबरतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केलंय की सोसायटी बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालू शकत नाही, आणि लिफ्ट वापरायला मनाई करू शकत नाही. आम्ही पाहिलेल्या एका स्कीममध्ये अध्यक्षांनी कुत्र्यासाठी लिफ्टचा वेगळा चार्ज सांगितला होता. हे परिपत्रक मोबाईलवर दाखवलं तेव्हा विषय बदलला. पण भाडेकरूची खरी गाठ सोसायटीशी नसतेच, मालकाशी असते. कुत्रा असलेल्याला फ्लॅट भाड्याने द्यायचाच, अशी सक्ती मालकावर कुणी करू शकत नाही. दलाल सगळीकडे तेच म्हणतो, “काही टेन्शन नाही जी, मालक चांगले आहेत, तुम्ही बिनधास्त आणा.” त्या बिनधास्तवर राहायला जाऊ नका. अकरा महिन्यांच्या करारात कुत्र्याचा स्पष्ट उल्लेख हवा : कोणती जात, किती कुत्रे, दारं-खिडक्यांना ओरखडे आले तर डिपॉझिटमधून काय कापणार. आमच्या करारात हे तीन ओळींत आहे. मालक काकांना ते आवडलं, कारण त्यांच्याही मनातली शंका तिथेच मिटली.

कायदा हाताशी असला तरी शेजार कायद्यावर चालत नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचा नातू कुत्र्याला पाहून किंचाळायचा. काकू पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, “आमच्या पोट्ट्याला भेव लागते ना बाई, तू त्याला जरा आवरून धरत जा.” मी विचारलं, शाळेची वेळ कोणती? तेव्हापासून सकाळी त्या वेळेला आम्ही खाली उतरतच नाही, आणि एरवी लिफ्टमध्ये कुणी असेल तर पुढच्या फेरीला थांबतो. जिन्यात पट्टा आखूड धरतो. नातू अजूनही लाडूला हात लावत नाही, आणि त्याने लावावाच असं काही नाही. पण तक्रार एकही आली नाही. शी उचलायला पिशवी आणि खुरपं कायम सोबत असतं. आपल्याकडे कुत्रेवाल्यांबद्दलचा निम्मा राग तिथूनच येतो, आणि तो रास्त आहे.

गल्लीतली कुत्री बघायला मात्र रात्री जा. दिवसा ती गाड्यांखाली झोपलेली असतात. रात्री साडेनऊ-दहाला जाऊन वीस मिनिटं उभं राहायचं आणि कान बघायचे. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. आमच्या गल्लीत चार कुत्री आहेत, चौघांच्या कानाला खाच, आणि समोरच्या बंगल्यातल्या आजी त्यांना ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी खाऊ घालतात. अशी कुत्री आपल्या हद्दीत स्थिर असतात. लाडूवर ती आठवडाभर भुंकली, मग हुंगून झालं, आता ढुंकूनही बघत नाहीत. याउलट बेसाच्या एका लेआउटमध्ये दहा-बारांचा कळप होता, त्यात दूध पाजणारी कुत्री, कान सगळे अखंड. तिथे पट्ट्यात बांधलेला कुत्रा घेऊन जाणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. बेसा महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर आहे, त्यामुळे मनपाची नसबंदी, कचरागाडी, श्वान नोंदणी हे सगळं कुठपर्यंत येतं तेही विचारून घ्या.

रस्त्यावर खाऊ घालण्याचा विषय नागपुरात नाजूक आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या इथल्याच खंडपीठाने भटक्या कुत्र्यांना उघड्यावर खाऊ घालण्याला मनाई केली, ज्यांना घालायचं त्यांनी कुत्री दत्तक घ्यावीत असं म्हटलं, आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर स्थगिती दिली. मग २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं की नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री, रेबीजची किंवा आक्रमक सोडून, परत त्याच भागात सोडावीत आणि खाऊ घालायला ठराविक जागा असाव्यात. आमच्या आजी तेच वर्षानुवर्षं करतायत. घर पाहताना अशा आजी किंवा काका गल्लीत आहेत का, हे मी दलालाला नाही, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात विचारलं होतं. दुकानदाराला सगळं माहीत असतं.

पावसाळ्याने आणखी एक गोष्ट पटवली. ‘समोर मोकळा प्लॉट आहे, कुत्र्याला खेळायला मस्त’ असं दलाल सांगतात. जुलैनंतर त्याच प्लॉटवर कमरेइतकं गाजरगवत उभं राहतं, त्यात गोचीड, आणि घोणस-नागही. गाजरगवताने कुत्र्याच्या पोटाला खाज सुटते आणि गोचिडाच्या तापाने कुत्री अक्षरशः गळून जातात. लाडूला मोकळा प्लॉट नाही, पण गोचीडही आम्ही यंदा मोजून दोन काढले. फिरून आलो की बोटांच्या बेचक्या आणि कानांच्या आतली बाजू बघायची, हा नेम.

न आवडलेलंही सांगते. वर्धा रोडचा गोंगाट आहे, आणि विमानतळ जवळ असल्याने रात्रीची विमानं ऐकू येतात. लाडूला सवय व्हायला महिनाभर लागला, घाबरट कुत्र्याला कदाचित होणारही नाही. रात्री दहानंतर मेट्रो नसते, ऑफिसात उशीर झाला की ऑटोला पैसे मोजा. लाडू आजारी पडला तर सेमिनरी हिल्सला न्यायला स्वतःची चारचाकी लागते. एवढा कुत्रा पाहिला की ऑटोवाले मान हलवतात. आमच्याकडे जुनी वॅगनआर आहे म्हणून निभावतं, नसेल तर घर पाहतानाच चालत जाण्याइतक्या अंतरावर डॉक्टर आहे का ते शोधा.

करार संपत आलाय. मालक काकांनी थोडं भाडं वाढवून मागितलं, आम्ही हो म्हटलं, त्या बदल्यात बाल्कनीच्या ग्रिलला खालून दोन फूट जाळी मागितली. लाडू कबुतरांमागे धावतो आणि खालची फट मला पहिल्या दिवसापासून खुपते. काका म्हणाले, दसऱ्याच्या आधी माणूस पाठवतो.