बेल एअर हॉस्पिटल, पाचगणी: एका हाऊस मदरचा अनुभव

पाचगणीच्या एका निवासी शाळेत मी हाऊस मदर आहे. सातवीतलं एक पोरगं टायफॉइडनं इथे ॲडमिट होतं. आईवडील नागपूरहून निघालेले, आणि डॉर्मिटरीत बाकीची मुलं माझी वाट बघत.

१९१२ साली क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम म्हणून सुरू झालेलं हे हॉस्पिटल आता रेड क्रॉसचं आहे. मला सगळ्यात मोलाची वाटली ती तिथली माणसं. "मॅडम, सलाईन संपेपर्यंत मी आहे, तुम्ही पोरांना जेवायला घालून या," असं सिस्टर स्वतःहून म्हणाल्या. औषध सुरू झालं तरी टायफॉइडचा ताप उतरायला काही दिवस लागतात, हे डॉक्टरांनी त्या मुलालाच समजावलं. तो निम्मा तिथेच सावरला.

मी ख्रिस्ती, तो रोज रामरक्षा म्हणणारा. संध्याकाळी त्याची आजी फोनवरून म्हणायची, तो मागून पुटपुटायचा, आणि मी शेजारी बसून रोझरीचे मणी ओढायचे. आमचं चाललंय हे बघून सिस्टर टीव्हीचा आवाज बंद करायच्या. देवावर भार टाकल्याशिवाय दुसऱ्याचं लेकरू सांभाळणं मला जमत नाही.

पावसाळ्यात जाणार असाल तर सोबतीला बसणाऱ्यासाठी जाड रजई न्याच.