स्टिअरिंगची पिन तुटली: रोल पिन, बोल्ट, टेपर पिन की वेल्डिंग?

ओळीच्या टोकाला ट्रॅक्टर वळवताना स्टिअरिंग हातात गरागरा फिरलं आणि पुढची चाकं सरळच राहिली. मागे भरलेला ब्लोअर (फवारणी यंत्र), समोर द्राक्षाच्या मांडवाचा अँगल. पहिल्या गिअरमध्ये होतो म्हणून निभावलं. स्टिअरिंगचा शाफ्ट जोडणारी पेन्सिलीएवढी पिन दोन जागी कातरली गेली होती.

नवीन काय बसवायचं ते भोक ठरवतं, म्हणून आधी तुकडे काढा. आदल्या रात्री डिझेल सोडा, सकाळी पंचाने (पिन ठोकून काढायच्या पोलादी दांड्याने) ठोका. शाफ्टखाली लाकडी ठोकळ्याचा टेका हवाच, नाहीतर हातोडीचा मार स्टिअरिंग बॉक्सच्या बेअरिंगला बसतो. भोक ६ मिमीचं असेल तर ६ च्या ड्रिल बिटची गुळगुळीत मागची बाजू आत घाला. डुगडुगली तर भोक लांबट झालंय.

भोक गोल असेल तर रोल पिनच घ्या. ही स्प्रिंग स्टीलची चिरलेली नळी भोकापेक्षा किंचित जाड असते. ठोकली की दबते आणि भोकाला आतून घट्ट धरते, प्ले (सैलपणा) राहत नाही. पैसेही मामुली लागतात. पोकळ असल्यामुळे ताकद कमी वाटली तर तिच्या आत बसेल अशी दुसरी बारीक रोल पिन ठोका, फक्त दोघींच्या चिरा विरुद्ध बाजूंना ठेवा.

बोल्ट घरात पडलेला असतो, म्हणून बहुतेक जण तोच घालतात. घालायचाच तर डोक्यावर ८.८ (मजबुतीची प्रत) छाप असलेला आणि नायलॉक नटासह, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेल्या, सहज सैल न होणाऱ्या नटासह. शिवाय आटे भोकाच्या आत येता कामा नयेत, कारण आट्यांपाशीच बोल्ट कातरतो आणि आटे भोकही खातात. पण बोल्ट भोकात थोडा सैलच राहतो आणि प्रत्येक वळणाला भोक आणखी लांबट होतं. हंगाम निघेपर्यंत ठीक.

भोक थोडं लांबट असेल तर माझं मत टेपर पिनला, म्हणजे एका टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या पिनला. लेथवाल्याकडे १:५० उताराचा रीमर (भोक घासून नेमक्या मापाचं करणारं हत्यार) हवा. तो शाफ्ट आणि कॉलर (शाफ्टवर बसणारी नळी) एकत्र धरून भोक साफ करतो, मग भरीव पिन पाचरीसारखी घट्ट बसते. शाफ्ट उतरवून नेण्यात दिवस जातो, पण प्ले पूर्ण निघतो. पिन बारीक टोकाकडून ठोकली तरच निघते, म्हणून ती बाजू पंचाने खूण करून ठेवा.

वेल्डिंग नको. जोडाशेजारचं पोलाद ठिसूळ होऊ शकतं, तडा दिसत नाही आणि पुढे बॉक्स उघडायचा तर शाफ्ट कापावा लागतो.

काहीही बसवा, पण आधी पुढचा एक्सल जॅकवर उचलून चाकं हाताने वळवून बघा. जड गेली तर नवी पिनही तुटेल. माझ्या डाव्या किंगपिनची (पुढचं चाक जिच्यावर वळतं त्या उभ्या पिनची) ग्रीस निपल चिखलाने बुजली होती. ती बदलली, जुना काळा गाळ बाहेर पडेपर्यंत ग्रीस मारलं आणि मगच पिन ठोकली.