रिसॉर्ट न घेता मॉरिशस, आणि तो प्लॅन करून देणाऱ्या दांडिया बाजारातल्या ताई

आधीच सांगते, हा रिव्ह्यू हॉटेलचा नाहीये, ट्रिप प्लॅन करून देण्याच्या सर्व्हिसचा आहे. बडोद्यात मॉरिशससाठी आम्ही जिथे जिथे विचारलं तिथे थोड्याफार फरकाने एकच पॅकेज पुढे आलं, किनाऱ्यावरचं रिसॉर्ट, ब्रेकफास्ट-डिनर आत, एक नॉर्थ टूर, एक साउथ टूर, इल ओ सेर्फ बेटाची बोट आणि बाकी वेळ पूल. नवीन लग्न झालेल्यांना ते आवडत असेल, पण आमच्याबरोबर सासूबाई होत्या, वय 71, गुडघ्याचा त्रास, अंडंसुद्धा चालत नाही, शिवाय नववीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा, आणि आम्हाला बेट बघायचं होतं, तिथली माणसं बघायची होती, भिंतीच्या आत बसून समुद्र नव्हता बघायचा.

मग ह्यांच्या ऑफिसातल्या एकांनी दांडिया बाजारातल्या या ताईंचं नाव सांगितलं. वरच्या मजल्यावर एक खोलीचं ऑफिस आहे, बोर्ड पटकन दिसत नाही. त्या पॅकेज विकत नाहीत, फक्त प्लॅन करून देतात आणि त्याची फी घेतात, आमच्याकडून 6,000 घेतले. तिकिटं आणि राहायचं बुकिंग आपल्याच कार्डने आपण करायचं, त्या फोनवर बरोबर असतात. मला हे फार पटलं, कारण हॉटेलकडून कमिशन नाही म्हटल्यावर महागडी खोली गळ्यात मारायचं कारणच उरत नाही.

पहिल्या भेटीला त्यांनी सगळ्यांना घेऊन या म्हणून सांगितलं आणि आम्हा दोघांना सोडून पहिला प्रश्न आईंना विचारला, "काकू, सकाळचा चहा किती वाजता लागतो?" आई म्हणाल्या साडेपाचला. झालं, तिथेच ठरलं की राहायची जागा स्वयंपाकघरवालीच पायजे, आणि खरं सांगते, पूर्ण ट्रिप त्या एका उत्तरावर उभी राहिली. दुसरा प्रश्न, जिने किती चढवतील. तिसरा मुलांना, की बसने फिरायला आवडेल का नुसती गाडीच हवी. बजेटचं नंतर विचारलं.

बेट तसं लहान, साधारण 65 किलोमीटर लांब आणि 45 रुंद, त्यामुळे बाकीचे एजंट एकाच ठिकाणी ठेवून रोज गाडीतून फिरवतात. ताईंनी दोन मुक्काम दिले, आधी आग्नेयेला माएबुर, मग पश्चिमेला फ्लिक-अँ-फ्लाक. कारणही सांगितलं. माएबुर एअरपोर्टच्या जवळ, खरंखुरं गाव आहे, आणि मे महिना संपत आला की तिकडच्या बाजूला आग्नेयेचा वारा जोर धरायला लागतो म्हणून नंतर पश्चिमेला सरकायचं, तिथे डोंगरांच्या आडोशाने समुद्र शांत असतो. आपल्याकडे मेमध्ये अंग भाजत असतं, तिकडे त्याच वेळी हिवाळा सुरू होत असतो, दिवसा पंचविशीच्या आसपास आणि पाणी अजून कोमट, म्हणजे शाळांच्या सुट्टीला एकदम जुळतं. जानेवारी ते मार्च चक्रीवादळाचे दिवस, तेव्हा ताई कोणाला जाऊच देत नाहीत.

आम्ही रविवारी दुपारी पोचलो आणि गावातली छोटी दुकानं बंद होती. पण ताईंनी आधीच राहायच्या जागेच्या मालकीणबाईंना मेसेज करून दूध, ब्रेड, बटाटे, टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं होतं. रविवार मुद्दामच निवडलेला, कारण सोमवारी माएबुरचा मोठा बाजार भरतो. सकाळी आई पिशवी घेऊन आमच्या पुढे! पालेभाज्या, भेंडी, दोडकी, छोटे गोड अननस, ते तिथे सोलून वर तिखट-मीठ लावून देतात. आणि दाल पुरी. चण्याची डाळ वाटून भरलेली, पुरणपोळीसारखी लाटलेली पण गोड नाही, दोन-दोनची जोडी, त्यावर मोठ्या वालांची रस्सेदार भाजी, टोमॅटोची चटणी, मिरचीची चटणी, कागदात गुंडाळून हातात. शाकाहारी माणसाला इतकं स्वस्त आणि पोटभर खाणं परदेशात मिळतं यावर माझा विश्वासच बसेना. डाळीचे तिखट वडे मिळतात, ते ब्रेडमध्ये घालून खातात, आणि सब्जा घातलेलं अलूदा नावाचं थंड दूध मुलांना रोज लागायला लागलं. ताईंच्या प्लॅनमध्ये हे सगळं कुठे बसून खायचं आणि ऑर्डर देताना काय विचारायचं (भाजीत मासे किंवा खारवलेली कोळंबी आहे का) इतकं लिहिलेलं होतं.

माएबुरजवळच्या ब्लू बेचा किनारा सार्वजनिक आहे. तिथले किनारे सगळ्यांचे असतात, रिसॉर्टसमोरचेसुद्धा, हे आम्हाला इथल्या एकाही एजंटने सांगितलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी तिथली कुटुंबं डबे, भांडी घेऊन सुरूच्या झाडांखाली पसरतात, ढोलकं वाजवतात, आम्ही पण चटई टाकली आणि थोड्या वेळात शेजारच्या आजींनी आईंना केकचा तुकडा आणून दिला. त्यांची भाषा क्रिओल, आमची मराठी, तरी अर्धा तास बोलणं चाललं.

मुलांसाठी सगळ्यात भारी ठरलं ते इल ओ एग्रेत. माएबुरजवळून बोटीने जायचं, छोटंसं प्रवाळाचं बेट, गाइडशिवाय फिरू देत नाहीत. मोठाली कासवं पायाजवळून चालत जातात, आणि गुलाबी कबुतरं, जी 1990 च्या सुमारास जंगलात जेमतेम दहाएक उरली होती आणि माणसांनी मेहनत करून परत वाढवली. डोडो पक्षी कायमचा गेला त्याच देशात हे बघायला मिळतं, माझी मुलगी परत येताना बोटीत एक शब्द बोलली नाही. इथूनच जवळ जुलै 2020 मध्ये वाकाशियो नावाचं जहाज प्रवाळावर चढलं आणि तेल सांडलं, तेव्हा लोकांनी उसाचा पाला पोत्यांत भरून तरंगते बांध बनवले होते. अशा जागी पोरांना न्यायचं असतं हो, वॉटर स्लाइड बडोद्यातही मिळते.

दुसऱ्या मुक्कामाचं कारण अजून एक होतं, जवळच कास्कावेल नावाचं गाव आणि तिथलं मराठी लोकांचं देऊळ. मॉरिशसमध्ये मराठी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात, कोकणातून, साताऱ्याकडून मजूर म्हणून गेलेल्यांची नातवंडं-पणतवंडं, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, कोकणातली जाखडी तिकडे झाकरी म्हणून अजून नाचतात, आणि मोका गावात शिवाजी महाराजांचा पुतळा आहे, एप्रिल 2023 मध्ये बसवलेला. आम्ही बडोद्याचे मराठी, आपल्यालाही महाराष्ट्राबाहेर राहून चार पिढ्या झाल्या, त्यामुळे ते देऊळ बघताना मला जे वाटलं ते पुण्या-मुंबईच्या माणसाला किती कळेल माहीत नाही. देवळातल्या काकूंना मराठी फारशी बोलता येत नव्हती पण आरती सगळी पाठ होती, आईंनी आणि त्यांनी मिळून म्हटली. पॅकेजमध्ये हे देऊळ येत नाही.

राजधानी पोर्ट लुईला बसने कात्र बोर्नपर्यंत आणि पुढे मेट्रोने गेलो (मेट्रोचं काम आपल्या एल अँड टीने केलंय, मुलगा सगळ्यांना सांगत होता). तिथे आप्रवासी घाट बघाच. 1834 पासून भारतातले मजूर कराराने या बेटावर यायला लागले, पुढे लाखो लोक या धक्क्यावर उतरले, 2006 पासून जागतिक वारसा आहे. सोळा दगडी पायऱ्या, बस, पण आई तिथे बराच वेळ उभ्या होत्या.

आता जे आवडलं नाही ते. त्याच दिवशी ताईंनी पोर्ट लुई, पांपलमूसची बाग आणि ग्राँ बे तिन्ही घातलं होतं, गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे अशक्य आहे, आम्ही बागेतली परातीएवढ्या पानांची कमळं बघून परत फिरलो. टॅक्सीचे दर प्लॅनमध्ये जुने होते, प्रत्यक्षात बरेच जास्त, म्हणून बसायच्या आधी पूर्ण रक्कम ठरवूनच घ्या. संध्याकाळी गावाकडच्या बस लवकर बंद होतात हे फक्त शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं, ते पहिल्या पानावर पायजे. आणि दुसऱ्या फ्लॅटच्या पायऱ्या त्यांनी नीट विचारल्या नव्हत्या, पहिला मजला, लिफ्ट नाही. फोन केला तर दोन तासांत तळमजला मिळवून दिला, हेही लिहायलाच हवं.

दक्षिणेकडच्या ग्री ग्री किनाऱ्याला जाणार असाल तर पाण्यात उतरू नका, बाकी बहुतेक बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे तशी तिथे नाही, लाटा सरळ खडकावर येतात. हे ताईंनी लाल अक्षरात लिहून दिलं होतं. कागदपत्रांचंही त्यांचं काम चोख, आपल्याला तिथे उतरल्यावर फुकट व्हिसा मिळतो पण परतीचं तिकीट आणि राहायचं बुकिंग दाखवावं लागतं, गेस्ट हाउसचं असलं तर प्रिंट बरोबरच ठेवा. फळं, बिया, रोपं नेऊ नका. थेपले, खाखरे आरामात गेले. यूपीआय फेब्रुवारी 2024 मध्ये तिकडे सुरू झालंय पण बाजारात आणि बसमध्ये रोखच लागते.

पाचपैकी साडेचार देईन, अर्धा त्या टॅक्सीच्या दरांचा आणि जिन्याचा. ज्यांना सगळं आयतं हवंय त्यांनी यांच्याकडे जाऊ नका, इथे बुकिंग तुम्हालाच करायचंय, भाजी तुम्हालाच आणायचीय. दिवाळीच्या सुट्टीचं विचारायचं असेल तर श्रावणातच जा, त्या एका वेळी मोजकीच कुटुंबं घेतात, दुपारी एक ते चार ऑफिस बंद असतं, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊनच जा.