डेकचा सांगाडा: २×१० सोळा इंचांवर की २×८ बारा इंचांवर?

घरापासून बाहेर १२ फूट, भिंतीला समांतर १६ फूट आणि वर कॉम्पोझिट (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या) फळ्या. न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाकडच्या परसदारी असा डेक, म्हणजे घराला लागून लाकडी सांगाड्यावर उभारलेला ओटा, अगदी नेहमीचा. लाकूड सदर्न पाइन, नंबर २ प्रतीचं, प्रेशर ट्रीटेड (कुजू नये म्हणून दाबाने रसायन मुरवलेलं). लाकडाच्या यार्डात गेलात की बहुतेक जण २×१० चे (नावाला २ इंच जाड, १० इंच खोल) जॉइस्ट, म्हणजे फळ्यांखालच्या आडव्या कड्या, एकमेकींपासून १६ इंचांवर घ्या म्हणतील. दुसरा पर्याय २×८ चे जॉइस्ट १२ इंचांवर. कोडच्या, म्हणजे बांधकामाच्या नियमांच्या, दृष्टीने दोन्ही चालतात, म्हणून निवड त्यातल्या तक्त्यावर सोडता येत नाही. मी स्वतः दुसरा पर्याय घेतला. तो सगळ्यांनीच घ्यावा असं नाही, पण कारण सांगण्यासारखं आहे.

२×१० चा सल्ला इतका सरसकट का मिळतो, ते आधी पाहू. ४० पौंड प्रति चौरस फूट भाराच्या तक्त्यात सदर्न पाइनच्या २×८ ला १६ इंचांवर ११ फूट १० इंचांचा स्पॅन, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, मिळतो. डेक १२ फूट म्हटल्यावर हा आकडा अगदी काठावर येतो, आणि काठावरचं डिझाइन कुणालाच नको असतं. त्यामुळे थेट २×१० वर उडी घेतली जाते, ज्याला १६ इंचांवर १४ फूट मिळतात. पण जॉइस्ट १२ इंचांवर आणले की २×८ लाही १३ फूट १ इंच मिळतात. शिवाय बीम, म्हणजे जॉइस्टना आधार देणारी तुळई, डेकच्या अगदी टोकाला असायलाच हवा असंही नाही. तो घरापासून १० फुटांवर घेतला आणि पुढचे २ फूट अधांतरी ठेवले तरी नियमात बसतं, कारण स्पॅनच्या पाव भागापर्यंत जॉइस्ट पुढे काढता येतात. दोन फळ्यांचा २×१० बीम आणि त्याखाली तीन पोस्ट (खांब), कडेच्या दोन्ही पोस्ट टोकापासून फूटभर आत, एवढ्यात काम होतं.

आता ताठपणा. जॉइस्टचा ताठपणा त्याच्या खोलीच्या घनाप्रमाणे वाढतो. २×१० ची खरी खोली सव्वानऊ इंच, २×८ ची सव्वासात. म्हणजे एकास एक तुलना केली तर २×१० दुपटीहून किंचित जास्त ताठ. १२ इंचांवर जॉइस्ट दाट झाल्याने २×८ ची बाजू एकतृतीयांशाने सावरते, तरी स्पॅन सारखा असेल तर २×१० साधारण दीडपट पुढे राहतो. ही त्याची खरी जमेची बाजू आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. मात्र चालताना बसणारा हादरा स्पॅनच्याही घनाप्रमाणे वाढतो. म्हणून १० फूट स्पॅनवरचे दाट २×८ हे १२ फूट स्पॅनवरच्या २×१० च्या बरोबरीला येतात, किंबहुना काकणभर सरस ठरतात. २×१० वाल्यांनी बीम आत घेतला तर ते पुन्हा पुढे जातील हे खरं, पण १० फुटांवर तो जादा ताठपणा पायाला फारसा कळत नाही, निदान मला तरी कळत नाही.

लाकूड मोजायला गेलात तर फरक नगण्य आहे. १६ फुटांत १६ इंचांवर १३ जॉइस्ट लागतात, १२ इंचांवर १७. बारा फुटी २×१० मध्ये २० बोर्ड फूट (लाकूड मोजायचं एकक) लाकूड, २×८ मध्ये १६. एकीकडे २६०, दुसरीकडे २७२. वरचा खर्च येतो तो हँगरचा (जॉइस्टचं टोक धरणाऱ्या धातूच्या खोबणीचा), खिळ्यांचा आणि पाणी मुरू नये म्हणून जॉइस्टच्या माथ्यावर लावायच्या ब्यूटिल टेपचा: १५६ फुटांऐवजी २०४ फूट. कामाचा वेळही वाढतो. १२ इंचांवर दोन जॉइस्टमध्ये मोकळी जागा साडेदहा इंचच उरते, तिथे हातोडा नीट फिरत नाही. पाम नेलर (तळहातात धरून खिळे ठोकायचं यंत्र) भाड्याने आणला नाही तर लेजरकडचे, म्हणजे घराच्या भिंतीला बसवलेल्या फळीकडचे, हँगर ठोकता ठोकता मनगट भरून येतं.

एवढा त्रास कशासाठी, तर फळ्यांसाठी. माझ्या मते निवडीचा कौल इथेच लागतो.

कॉम्पोझिट फळीला लाकडाएवढा अंगचा ताठपणा नसतो आणि उन्हात तापली की ती आणखी नरम पडते. बहुतेक कंपन्या सरळ बसवायच्या फळ्यांना १६ इंचांपर्यंत आणि तिरप्या बसवायच्या फळ्यांना १२ इंचांपर्यंत परवानगी देतात. १६ ही मर्यादा आहे, शिफारस नाही, हे ध्यानात घ्यायला हवं. दक्षिणेकडे तोंड असलेल्या, गडद रंगाच्या डेकवर जुलैच्या दुपारी १६ इंचांवरची फळी दोन जॉइस्टच्या मध्ये पायाखाली दबते. खालून खोबण्या काढून हलकी केलेली फळी असेल तर जास्तच. सुरुवातीला तो फक्त एक मऊपणा असतो. पण ग्रिलचे पाय, भरलेली कुंडी, जेवणाच्या टेबलाचा पाय असं वजन महिनोन् महिने एकाच जागी राहिलं की तिथे उथळ खळगा पडतो आणि तो परत उठत नाही. मग त्यात पाणी साचतं आणि जानेवारीत नेमका तिथेच बर्फाचा पापुद्रा धरतो.

हा दोष नंतर दुरुस्त करणं फार कठीण असतं. लपलेल्या क्लिपांनी बसवलेल्या फळ्या एकमेकींत अडकलेल्या असतात. मधली एक सहज निघत नाही, कडेपासून उकलत यावं लागतं. खालून जादा जॉइस्ट घालावा म्हटलं तर जमिनीपासून दोन-अडीच फुटांच्या डेकखाली सरपटत शिरून ओझं उचलावं लागतं. उलट सांगाडा थोडा झुलत असेल तर खालून मधोमध ब्लॉकिंगची (जॉइस्टच्या मध्ये आडव्या ठोकलेल्या तुकड्यांची) रांग घालता येते, फारच झाल्यास आणखी एक बीम देता येतो. एका पर्यायातली उणीव मागाहून भरून निघते, दुसऱ्यातली निघत नाही. माझं पारडं त्यामुळे १२ इंचांकडे झुकलं.

२×१० ची आणखी एक कटकट, तुलनेने छोटी. ट्रीटेड लाकूड यार्डातून ओलंच येतं आणि सुकताना आकसतं. खोल फळीत हे आकसणं जास्त दिसतं आणि प्रत्येक फळी सारखी सुकत नाही. शेजारच्या दोन जॉइस्टच्या माथ्यांत पाव इंचाचा फरक पडला तर वरच्या फळ्यांत लाट दिसते. उपाय दोन्ही पर्यायांत तोच: हँगर खालच्या कडेला न जुळवता जॉइस्टची वरची कड जुळवून बसवायचे आणि प्रत्येक जॉइस्टची कमान (लांबीत आलेला बाक) वरच्या बाजूला ठेवायची. फार कमान असलेले तुकडे बाजूला काढून ब्लॉकिंगला वापरायचे.

खोलीचा प्रश्न उंचीतही येतो. मागच्या दाराचा उंबरा जमिनीपासून जेमतेम १८ इंचांवर असेल, तर २×१० चे जॉइस्ट त्याच खोलीच्या बीमवर बसवणं अशक्यच, कारण दोन्ही मिळूनच साडेअठरा इंच होतात. जॉइस्ट २×८ घेतले तरी तिथे बीम जॉइस्टच्या पातळीतच घ्यावा लागेल, पण निदान खाली हवा खेळायला दोन इंच जास्त जागा उरते.

२×१० घ्यायला मी कुणाला सांगेन? वर लाकडी ५/४ (नावाला सव्वा इंच जाड) फळ्या असतील तर त्या १६ इंचांवर छान राहतात, फळी दबण्याचा प्रश्नच उरत नाही. जमिनीत खडक किंवा पाइपलाइन असल्यामुळे बीम आत घेता येत नसेल, किंवा डेक १४ फुटांचा असेल, तर जादा खोली घेतलेली बरी. बर्फाचा भार ४० पौंडांच्या वर जाणाऱ्या भागात तक्ताच वेगळा लागतो. हॉट टब ठेवायचा असेल तर दोन्ही पर्याय बाजूला ठेवून इंजिनिअरकडून डिझाइन करून घ्या. आणि हात सढळ असेल तर २×१० सुद्धा १२ इंचांवर घाला, मला हरकत नाही.

१२ इंचांवर ठरवलंत तर ऑर्डर देतानाच काही गोष्टी धरा. हँगर आणि खिळे हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड हवेत. २००३ नंतर घरगुती लाकडात आर्सेनिकऐवजी तांब्याचं प्रमाण जास्त असलेली रसायनं आली आणि ती साध्या लोखंडाला लवकर खातात. त्याच कारणाने लेजरवरचं फ्लॅशिंग (पाणी आत जाऊ नये म्हणून लावायचा पत्रा) ॲल्युमिनियमचं नको. जॉइस्टच्या अलीकडच्या कडेची पहिली खूण १२ ऐवजी सव्वाअकरा इंचांवर करा, म्हणजे पुढचे जॉइस्ट बाहेरच्या कडेपासून बरोबर फुटाफुटावर मध्य धरून येतील. कडेने वेगळ्या रंगाच्या फळीची चौकट करणार असाल तर बाजूच्या रिमला (सांगाड्याच्या कडेच्या फळीला) लागून आणखी एक जॉइस्ट आणि पुढच्या कडेला ब्लॉकिंग लागतं. ते फ्रेमिंगच्या इन्स्पेक्शनआधी घाला आणि परमिटच्या नकाशातही दाखवा.